भटक्यांचे वस्त्र आणि संग्राहकाची दृष्टी : इराणी टोळ्यांचे विणकाम व हिंगोली परिसरातील बंजारा भरतकाम

प्रस्तावना

मराठीत बैठकीच्या आणि प्रवासाच्या वस्त्रांसाठी रूढ असलेले अनेक शब्द फारसीच्या संपर्कातून आलेले आहेत. गालिचा, जाजम आणि खुर्जी ही त्याची परिचित उदाहरणे होत. खुर्जी म्हणजे जनावराच्या पाठीवर टाकावयाची, दोन्ही अंगांस लोंबणारी दुहेरी पिशवी. इराणातील भटक्या टोळ्या तिला ‘खुर्जीन’ म्हणतात. मराठी मुलखात खुर्जी वापरातून गेली आणि शब्दही मागे पडत चालला. इराणातही तिचा मूळ वापर आटला. मात्र तेथील जुन्या खुर्जीनची दर्शनी बाजू उसवून, चौकटीत बसवून युरोप-अमेरिकेतील संग्राहकांच्या भिंतींवर लावली गेली. प्रवासात धान्य, कपडे वा मीठ वाहणारी वस्तू कलावस्तू ठरली आणि तिला प्राचीनत्वाची किंमत आली.

असाच प्रवास हिंगोली परिसरातील एका वस्त्रपरंपरेच्याही वाट्यास आला आहे. तांड्यांवरील बंजारा स्त्रियांनी भरलेल्या कोथळ्या, पाण्याच्या घागरीखाली डोक्यावर घ्यावयाचे फुलिया-गणो, फेटिया, कांचळी, बैलांचे साज या वस्तू गेल्या अर्धशतकात व्यापाऱ्यांच्या हाती गेल्या व तेथून देशी-विदेशी संग्रहांत पोहोचल्या. त्या कोणत्या तांड्यावरून गेल्या, कोणी भरल्या आणि कशासाठी वापरल्या, याची नोंद मात्र बहुधा वस्तूबरोबर गेली नाही. इतिहासाच्या अभ्यासकासाठी ही हानी वस्तू जाण्याइतकीच गंभीर आहे.

प्रस्तुत लेखाचा उद्देश मर्यादित आहे. इराणी टोळ्यांच्या विणकामाचा संग्रह कसा झाला आणि त्यातून ज्ञानाची कोणती हानी व कोणती प्राप्ती झाली, हे पाहून त्या प्रकाशात हिंगोली परिसरातील बंजारा भरतकामाचा ऐतिहासिक साधन म्हणून विचार करणे, आणि या साधनाच्या जतनात स्थानिक महाविद्यालयांचे कर्तव्य काय असू शकते हे सुचविणे, एवढाच तो आहे.

इराणी टोळ्यांचे विणकाम : उपयोगाकडून संग्रहाकडे

इराणी गालिचा म्हटले की सफवी दरबार, इस्फहान, काशान, तब्रीझ या नगरांतील कारखाने आणि कागदावर आधी रेखाटलेली नक्षी डोळ्यांसमोर येते. टोळ्यांचे विणकाम हा याहून निराळा प्रकार आहे. काश्काई, बख्तियारी, लूर, अफशार, शाहसेवन, बलुच इत्यादी समाज मेंढ्यांचे कळप घेऊन उन्हाळ्यात डोंगरांवर व हिवाळ्यात सखल प्रदेशात जात. विणकाम मुख्यतः स्त्रियांचे. लोकर घरच्या कळपाची. माग जमिनीवर खुंट्या ठोकून आडवा मांडलेला. तळ हलवायचा झाल्यास खुंट्या उपटून, अर्धे विणलेले वस्त्र गुंडाळून जनावरावर लादता येई. नक्षी कागदावर नसे. ती आईकडून मुलीकडे हातांतून व स्मरणातून येई.

या विणकामातील बहुतेक वस्तू वाहतुकीच्या होत्या. खुर्जीन ही दुहेरी पिशवी, ‘मफ्रश’ ही अंथरूण-पांघरूण बांधण्याची मोठी पेटीवजा पिशवी आणि ‘नमकदान’ ही अरुंद तोंडाची मिठाची पिशवी. वस्तूचा आकार तिच्या कामाने ठरविलेला असे. जनावराच्या अंगाला घासणारी मागची बाजू साधी व टिकाऊ आणि दिसणारी बाजू नक्षीदार, ही विभागणीही उपयोगातूनच आलेली आहे.

रेझा शाहच्या कारकिर्दीत, म्हणजे १९२५ ते १९४१ या काळात, टोळ्यांना बळाने स्थिर करण्याचे धोरण राबविण्यात आले. स्थलांतराचे मार्ग अडविले गेले, कळपांची हानी झाली. रेझा शाहच्या पदत्यागानंतर काही टोळ्या पुन्हा फिरू लागल्या, तरी जुनी घडी पूर्ववत झाली नाही. टोळ्यांच्या पिशव्यांविषयीची संग्राहकांची व्यापक आस्था त्यानंतरची, विशेषतः १९६०-७०च्या दशकांतील आहे. जेनी हाउसगो यांचा इराणी टोळ्यांच्या विणकामाविषयीचा ग्रंथ १९७८चा, तर जेम्स ओपी यांचा दक्षिण इराणविषयीचा ग्रंथ १९८१चा आहे. भटके जीवन आक्रसल्यानंतर त्याच्या वस्त्रांस मोल आले, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

संग्राहकांच्या बाजारात नावांचा मोठा घोटाळा होता. तुर्कमेन स्त्रियांनी विणलेले गालिचे बुखाऱ्याच्या बाजारातून जात म्हणून त्यांना ‘बुखारा’ म्हटले गेले. काश्काई व अन्य टोळ्यांचे काम शिराझच्या बाजारातून येई म्हणून ते ‘शिराझ’ ठरले. वस्तूला विकणाऱ्या गावाचे नाव मिळाले, विणणाऱ्या समाजाचे नाही. शाहसेवन स्त्रियांच्या पिशव्या दीर्घकाळ कॉकेशसच्या समजल्या जात होत्या. वस्त्रांची तुलना आणि प्रत्यक्ष प्रदेशातील चौकशी यांतून हे काम शाहसेवनांचे असल्याचे पुढे आले. शिल्पकार व संग्राहक परवीझ तनावली यांचा १९८५चा ग्रंथ या दुरुस्तीतील महत्त्वाचा टप्पा होय. अशी दुरुस्ती होऊ शकली याचे एक कारण असे, की ही वस्त्रे विणलेल्या वा वापरलेल्या पिढीची स्मृती तोपर्यंत शाबूत होती. संग्राहकाची आस्था अभ्यासाकडे वळली तर ती उपकारक ठरते. ती केवळ वस्तूपाशी थांबली तर वस्तू उरते आणि इतिहास जातो.

हिंगोली परिसर आणि बैलांचे तांडे

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत हे त्याचे पाच तालुके. १९४८पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. उत्तरेस पैनगंगा आणि तिच्या पलीकडे वऱ्हाड; १८५३ साली वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेल्यावर ही नदी दोन राजवटींची सीमा बनली. बंजारा तांड्यांच्या दृष्टीने मात्र ही सीमा कधीच खरी नव्हती. आजही वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी हे संत सेवालाल महाराजांचे स्थान पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील बंजारा समाजाचे श्रद्धास्थान आहे.

लदाऊ बैलांचे तांडे हा रेल्वेपूर्व हिंदुस्थानातील अवजड वाहतुकीचा एक मुख्य आधार होता. पीटर मंडी या इंग्रज व्यापाऱ्याने १६३२ साली आग्र्याहून पाटण्याकडे जाताना सुमारे १४,००० बैलांचा तांडा पाहिल्याची नोंद केली आहे. फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचे वर्णन करतो. धान्य आणि मीठ ही त्यांची प्रमुख लादणी. दख्खनेत शिरणाऱ्या मोगल फौजांना रसद पुरविणारे बंजारेच होते. १८०३च्या असईच्या मोहिमेत आर्थर वेलस्लीच्या सैन्याची रसदही मोठ्या प्रमाणावर त्यांच्यावर अवलंबून होती. वऱ्हाडचा कापूस रेल्वे येण्यापूर्वी बैलांच्या पाठीवरून थेट मिर्झापूरपर्यंत जात असे.

हिंगोली या जाळ्यातील एक ठाणे होते. एकोणिसाव्या शतकात येथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. ती १९०३पर्यंत टिकली. छावणी म्हणजे धान्य, वैरण आणि कापड यांची कायम मागणी. फिलिप मेडोज टेलर या निजामाच्या सेवेतील अधिकाऱ्याने १८३९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ठगविषयक कादंबरीच्या प्रस्तावनेत हिंगोलीतील हरिसिंग नामक प्रतिष्ठित व्यापाऱ्याची हकीकत दिली आहे. त्याने मुंबईहून कापड आणण्याचा परवाना मागितला, वाटेत त्या मालाच्या खऱ्या धन्याला व जनावरे हाकणाऱ्यांना ठार केले आणि तोच माल छावणीच्या बाजारात उघडपणे विकला. तो ठगांचा म्होरक्या होता, हे पुढे उघड झाले. ही हकीकत ठगांच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते. तिच्यातून आपल्या विषयासाठीही एक गोष्ट कळते : मुंबईचे कापड जनावरांच्या पाठीवरून हिंगोलीपर्यंत येत होते आणि येथे त्याला गिऱ्हाईक होते. बंजारा भरतकामातील पायाचे कापड व दोरा कोठून येत असेल, याचा विचार करताना हा पुरावा उपयोगी पडतो.

१८६७ साली नागपूरपर्यंत लोहमार्ग पोहोचला आणि वऱ्हाडातील बैलवाहतुकीचा कणा मोडला. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाड–सिकंदराबाद मार्ग व त्यानंतर पूर्णा–हिंगोली शाखा झाली. निजामी मुलखातील तांड्यांचा उरलासुरला व्यवसायही यामुळे गेला. याच सुमारास इंग्रजी मुलखात १८७१च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने भटकेपणालाच संशयास्पद ठरविले. तांडे थांबले. गावाबाहेरच्या माळावर, डोंगराच्या कुशीत ते जेथे थांबले, तेथेच आजच्या तांडावस्त्या उभ्या आहेत. शेतमजुरी, कोरडवाहू शेती आणि पुढे ऊसतोड हे त्यांच्या उपजीविकेचे मार्ग झाले.

माग आणि सुई

इराणी टोळ्यांचे विणकाम व बंजारा भरतकाम यांत साम्य आहे तसा मूलभूत भेदही आहे, आणि तो जनावरांतून आलेला आहे. इराणी टोळ्यांपाशी मेंढ्या होत्या, म्हणून लोकर होती, म्हणून माग होता. बंजाऱ्यांपाशी बैल होते. बैल वस्त्राचा कच्चा माल देत नाही. तो ओझे वाहतो आणि बाजारापर्यंत नेतो. त्यामुळे बंजारा स्त्रीने कापड विणले नाही. ते विकत वा धान्याच्या बदल्यात घेतले आणि सुईने भरले. आपल्याच भागात लोकर धनगर समाजापाशी होती आणि तिची घोंगडी झाली, हेही या मीमांसेस पुष्टी देणारे आहे.

सुई मागापेक्षा हलकी. ती चालत्या तांड्यात कमरेच्या पिशवीत राहते, मुक्कामावर निघते आणि काम पुन्हा घडी घालून ठेवता येते. पायाचे कापड हातमागाचे, जाड सुती. बहुधा लाल वा निळे. अनेक पदर एकावर एक ठेवून बारीक धावदोऱ्याने शिवले की ते गोधडीसारखे घट्ट होते. त्यावर फुलीटाका, साखळीटाका, माशाच्या काट्यासारखा टाका, काठांवर घट्ट गुंफण. नक्षी बहुतेक भौमितिक : चौकट, तिच्या आत कर्णरेषा, त्यांच्या छेदांवर आरसा वा कवडी. संग्राहक या नक्षीचे सौंदर्य वर्णितो. परंतु दाट टाक्यांचे पहिले काम कापडाला ओझे व घर्षण सोसण्याचे बळ देणे हे होते. इराणी खुर्जीनप्रमाणे येथेही उपयोग आधी आणि शोभा त्याच्या अंगाने आलेली आहे.

वस्तूंची नावे पाहिली तरी हेच दिसते. कोथळी ही सुपारी, पैसे, किडुकमिडुक ठेवण्याची पिशवी. लग्नविधीतही तिला मान. फुलिया-गणो म्हणजे घागरीची चुंबळ व तिच्यामागे मानेवर रुळणारा भरलेला चौकोन. पाणी आणणे या रोजच्या कष्टाशी तो बांधलेला आहे. फेटिया हा घेरदार घागरा, कांचळी ही पाठ उघडी असणारी चोळी, टुकरी ही तुकडे जोडून केलेली ओढणी. तांड्याच्या अग्रभागी चालणाऱ्या बैलाला कवड्यांचा साज असे. बालाजीच्या नावाने सोडलेल्या ‘हटादिया’ बैलावर ओझे लादत नसत, असे जुन्या वर्णनांत आढळते. बैलांचा तांडा गेल्यावर बैलांचा साज प्रथम नाहीसा झाला. कोथळी व स्त्रियांचा वेश मात्र लग्नाच्या निमित्ताने टिकला. भरतकाम वाटेवरून घरात आणि रोजच्या वापरातून विधीत गेले. मुलीची पाठवणी करताना ढावलो गायले जाते. त्याच वेळी आईने वर्षानुवर्षे भरलेली वस्त्रे मुलीबरोबर जात. त्यामुळे एका तांड्याचे टाके दुसऱ्या तांड्यात विवाहसंबंधांच्या वाटेने पोहोचले. नक्षीचा प्रसार अभ्यासताना गोत्रे आणि सोयरीक यांचा विचार अपरिहार्य ठरतो, तो यामुळे.

कालनिश्चितीचा प्रश्न

संग्राहकाचा पहिला प्रश्न वस्तू किती जुनी, हा असतो. बाजारात पुष्कळदा ‘शंभर वर्षांपूर्वीचे’ असे ठोकळ उत्तर मिळते. इतिहासाच्या अभ्यासकाने त्यावर विसंबू नये. काळ ठरविण्याची काही साधने वस्त्रातच असतात.

पहिले साधन रंग. १८५६ साली कृत्रिम जांभळा रंग व १८६९ साली कृत्रिम अलिझरिन तयार करण्याची कृती सापडली. त्यापूर्वी आपल्याकडील लाल रंग प्रामुख्याने आलीच्या मुळ्यांपासून होई; खारव्याचे जाड लाल कापड हे त्याचे परिचित रूप. कृत्रिम रंगाने आलीची लागवड एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोडीत निघाली. परंतु नवे रंग खेड्यांत केव्हा पोहोचले हे स्थलपरत्वे वेगळे असल्याने रंगावरून केवळ अलीकडची सीमा सुचते, नेमके वर्ष नाही. इराणी गालिच्यांच्या अभ्यासातही नैसर्गिक रंग म्हणजे जुना व कृत्रिम म्हणजे नवा हे समीकरण याच कारणाने जपून वापरावे लागते.

दुसरे साधन कापड व दोरा. हातमागाच्या जाड कापडाची जागा गिरणीच्या कापडाने आणि हातरंगाच्या सुताची जागा चकचकीत गिरणी दोऱ्याने घेतली. तिसरे साधन नाणी. बंजारा वस्त्रांवर नाणी टाकण्याची पद्धत आहे. मराठवाड्यातील वस्त्रावर निजामाचे हाली सिक्क्याचे नाणे असावे आणि वऱ्हाडातील वस्त्रावर राणी व्हिक्टोरियाचे वा पंचम जॉर्जचे, अशी अपेक्षा असली, तरी दोन्ही चलने सीमेच्या अलीकडे-पलीकडे फिरत. नाण्यावरील वर्ष एवढेच सांगते, की ते नाणे त्या वर्षाच्या आधी टाकले गेले नाही. शिवाय वस्त्र जीर्ण झाले की चांगला भरलेला तुकडा, आरसे, कवड्या व नाणी काढून नव्या कापडावर बसविण्याची रीत होती. एकाच फेटियात तीन पिढ्यांचे टाके असू शकतात. संग्राहकाला हा दोष वाटतो. अभ्यासकासाठी मात्र तो कुटुंबाचा लेख आहे; ‘हा काठ आजीचा, हा पट्टा आईचा’ हे सांगणारे माणूस असेपर्यंत तो वाचता येतो.

नावे, बाजार आणि विस्मृती

बंजारा वस्त्रांच्या बाबतीत ‘बुखारा’सारखीच चूक आपल्याकडे झाली आहे. आरसे दिसले की ‘कच्छी काम’ म्हणण्याची शहरी सवय प्रसिद्ध आहे. फार तर ‘बंजारा, दख्खन’ अशी पाटी लागते. दख्खन या एका शब्दात खानदेश, वऱ्हाड, मराठवाडा, तेलंगण, कर्नाटक सारे येते. बंजाऱ्यांतही चारण, मथुरा, लभाण, धाडी असे भेद आहेत आणि त्यांचे वेश सारखे नाहीत. हिंगोलीच्या तांड्यावरील कोथळी संडूरच्या कोथळीपेक्षा कशी निराळी, हे अशा पाटीवरून कळू शकत नाही.

व्यापाराचा दुसरा परिणाम अधिक हानिकारक आहे. पूर्ण फेटियापेक्षा त्याचे तुकडे अधिक सहज विकले जातात. म्हणून जुन्या वस्त्रांचे भरलेले भाग कापून, जोडून त्यांच्या चादरी, उश्या, पिशव्या करण्यात आल्या. गोव्यातील हणजूणचा बाजार असो वा महानगरांतील हस्तकला दुकाने, हा जोडकामाचा माल सर्वांच्या परिचयाचा आहे. उसवलेल्या खुर्जीनचीच ही दुसरी आवृत्ती. मात्र यात केवळ व्यापाऱ्याला दोषी धरणे एकांगी होईल. दुष्काळात, आजारपणात, मुलीच्या लग्नात आईची पेटी उघडून वस्त्र विकणाऱ्या स्त्रीपुढे दुसरा पर्याय नसे. शिवाय पारंपरिक वेशामुळे बाजारात, शाळेत, कचेरीत मिळणारी वागणूक अपमानकारक होती. तरुण पिढीने तो वेश सोडला तो अनेकदा प्रतिष्ठेसाठी. जतनाचा आग्रह धरणाऱ्या अभ्यासकाने हे विसरू नये.

अन्यत्र काही विधायक प्रयत्न झाले आहेत. कर्नाटकातील संडूर येथे कार्यरत असलेल्या कुशल कला केंद्राने लंबाणी स्त्रियांना या कामातून रोजगार दिला आणि ‘संडूर लंबाणी भरतकाम’ या नावास २०१० साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. शार्लट क्वॉन व टिम मॅक्लॉफलिन यांचा बंजारा वस्त्रांवरील सचित्र ग्रंथ २०१६ साली प्रसिद्ध झाला. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पोहरादेवी येथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. हिंगोली जिल्ह्याच्या उंबरठ्यावरच असे संग्रहालय असणे ही मोठी अनुकूलता आहे.

येथे एका विरोधाभासाची नोंद घेणे उचित ठरेल. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात इराणी गालिचे जतन केलेले आहेत. ज्या संस्थानाच्या अमीर-उमरावांनी ते हौसेने जमविले, त्याच संस्थानाची प्रजा हिंगोलीच्या तांड्यांवर कोथळ्या भरत होती. दूरच्या स्त्रियांचे विणकाम दिवाणखान्यात आले. जवळच्या स्त्रियांचे भरतकाम पाहण्याची दृष्टी मात्र तयार झाली नाही.

नोंदीची निकड

बंजाऱ्यांच्या लिखित इतिहासाची साधने कोणाची आहेत, हे पाहिले की वस्त्रांचे महत्त्व अधिक स्पष्ट होते. १८१९ साली प्रसिद्ध झालेला बंजाऱ्यांविषयीचा आरंभीचा विस्तृत निबंध जॉन ब्रिग्ज या लष्करी अधिकाऱ्याचा आहे. वऱ्हाडातील बंजाऱ्यांवरील १८८२चे टिपण कंबरलेज या पोलीस अधिकाऱ्याचे आहे. रसद मिळविणाऱ्या सैन्याने व पाळत ठेवणाऱ्या पोलिसांनी जे लिहिले, तेच पुढील जातिवर्णनपर ग्रंथांनी उचलले. त्यात नायक आहेत, तांडे आहेत, गुन्हे आहेत. स्त्रिया बहुधा वेश व दागिन्यांच्या वर्णनापुरत्या आहेत. या स्त्रियांनी स्वतः जे मागे ठेवले ते टाक्यांत आहे. म्हणून जुने फेटिया निनावी होऊन तांड्याबाहेर जाते, तेव्हा ज्या साधनाला पर्याय नाही असे साधन नष्ट होते.

या संदर्भात स्थानिक महाविद्यालयांना करता येण्याजोगे काम खर्चिक नाही. इतिहास, समाजशास्त्र व मराठी विभागांनी एकत्र येऊन तांडानिहाय वस्त्रनोंदणी हाती घ्यावी. प्रत्येक वस्त्रासाठी एक नोंदपत्र असावे. त्यात तांड्याचे नाव, वस्त्र भरणाऱ्या स्त्रीचे कुटुंबीयांना आठवणारे नाव व नाते, तिचे माहेर, वस्त्राचा उपयोग, शेवटचा वापर केव्हा झाला, टाक्यांची गोरबोलीतील नावे, नाणी असल्यास त्यांवरील वर्षे आणि दुरुस्तीच्या खुणा यांचा समावेश असावा. छायाचित्र दोन्ही बाजूंचे घ्यावे. मागच्या बाजूला दोऱ्याचा प्रवास, मूळ रंग व ठिगळे दिसतात. वस्त्र घराबाहेर नेऊ नये, विकत घेऊ नये. नोंद प्रसिद्ध करणे न करणे हा त्या कुटुंबाचा अधिकार असावा आणि नोंदीची एक प्रत त्यांच्याकडेच राहावी. आपल्या वर्गांत तांड्यांवरून येणारे विद्यार्थी आणि विद्यार्थिनी आहेत. गोरबोली त्यांची मातृभाषा आहे. या कामात ते केवळ माहितीचे संकलक राहू नयेत. अर्थनिर्णयातही त्यांचा वाटा असावा.

निष्कर्ष

उपर्युक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१. इराणी टोळ्यांचे विणकाम आणि बंजारा भरतकाम या दोन्ही परंपरा जनावरांच्या पाठीवरील जीवनातून घडल्या. पहिलीत मेंढीमुळे माग आला, दुसरीत बैलामुळे सुई. आकार, टाके व बळकटी यांमागे वाहतुकीची गरज आहे.

२. दोन्हीकडे भटके जीवन संपल्यानंतर किंवा संपविल्यानंतर संग्राहकाचे लक्ष गेले. इराणात राजसत्तेच्या बळाने, आपल्याकडे प्रामुख्याने रेल्वे आणि कायदा यांच्या संयुक्त परिणामाने हे घडले.

३. बाजार वस्तूला विक्रीच्या ठिकाणाचे नाव देतो. शाहसेवन पिशव्यांच्या बाबतीत झालेली दुरुस्ती दाखविते, की माहितगार पिढी हयात असता चौकशी झाली तर चुकीचे नाव बदलता येते.

४. रंग, कापड व नाणी ही कालनिश्चितीची साधने पूरक आहेत. त्यांना कुटुंबाच्या स्मृतीची जोड नसेल तर निष्कर्ष दुबळा राहतो.

५. हिंगोली परिसरात ही स्मृती अद्याप पूर्णपणे लोपलेली नाही. ज्यांनी आईला व आजीला भरताना पाहिले त्या स्त्रिया आज वृद्ध आहेत. त्यांच्या हयातीतच तांडानिहाय नोंद होणे आवश्यक आहे.

संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून मानले जाणारे नर्सी याच जिल्ह्यात आहे. शिंप्याच्या घरातील सुई-दोऱ्याला या भूमीने परंपरेत आदराचे स्थान दिले. नर्सीपासून फार दूर नसलेल्या माळावरच्या तांड्यांतही पिढ्यान्‌पिढ्या सुई चालत होती. तिने काय लिहिले, हे विचारण्यास अजून अवधी आहे. मात्र तो फार नाही.